पाण्यापासून जपा

वीरभद्रअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराला हात लावत. उजव्या हाताची तीन बोटं फळीवरून हळूहळू खाली उतरत, मधेच एखाद्या जागी थांबत, आणि मगच घरातल्या माणसाला रामराम. मुखेड तालुक्यातल्या कितीतरी जुन्या दारांना, देवघरांना, पाळण्यांना त्यांनी चाळीस वर्षं पॉलिश केलं होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा आणि तासन्‌तास गोल फिरणारं मनगट. वीसपंचवीस हात दिल्यावर लाकडाच्या आत कुठंतरी दिवा लागल्यासारखं व्हायचं. त्या उजेडात गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा दिसला की अप्पा फडकं खांद्यावर टाकत आणि ठरलेलं एकच वाक्य बोलत, "पाण्यापासून जपा."

मग सनमायका आला. भुसा दाबून केलेल्या पाट्या आल्या, त्यांवर लाकडाचा फोटो चिकटवलेला. पहिल्यांदा त्या पाटीवरून बोटं फिरवली तेव्हा अप्पांना भिंतीवरच्या फोटोतल्या, गेलेल्या माणसाच्या गालावरून हात फिरवल्यासारखं वाटलं होतं. एकसष्टाव्या वर्षी ते अहमदपूरला एका फर्निचरच्या दुकानात बसत. आणताना एखाद्या कपाटाला चरा पडला तर त्यावर तपकिरी मेणाची कांडी घासायची, एवढंच काम. बाकीचा दिवस खुर्ची आणि समोरची सडक.

कार्तिक संपत आला होता तेव्हा एका दुपारी त्या दुकानात मनकर्णाबाई आल्या. साठीच्या जवळपासची, उन्हानं आणि पाण्यानं मिळून रापवलेली बाई. मालकाला काही न विचारता त्या थेट खुर्चीजवळ आल्या. देवणीला त्यांच्या बहिणीच्या घरी अप्पांनी पंचवीस वर्षांपूर्वी एक पाळणा केला होता. बहिणीची नातवंडंही आता त्यातून उतरली, पण पाळण्यात अजून तोंड दिसतं, असं त्यांनी सांगितलं. आणि मग म्हणाल्या की त्यांच्याकडे एक वल्ह्याची लाकडी नाव आहे, ती आतून तशी करून हवी.

अप्पा जन्मात नावेत बसले नव्हते. मुखेडच्या माळावरचा माणूस. त्याच्यासाठी पाणी म्हणजे टँकरनं येणारी आणि हंड्यात संपणारी गोष्ट.

मनकर्णाबाईंचं गाव केळदरा. धरण झालं तेव्हा मन्याडचं पाणी मागं सरकत वर आलं आणि गावाची जुनी पाणंद त्याखाली गेली. घरं अलीकडं राहिली, निम्म्या गावाची शेतं पलीकडं. सडकेनं वळसा घालून जायचं तर बावीस किलोमीटर, नावेनं वीस मिनिटं. मनकर्णाबाईंच्या सासऱ्यांनी किनवटचं सागवान आणून नाव बांधून घेतली होती. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं त्या ती चालवत होत्या. बाहेरून डांबर त्या स्वतः लावत, फळ्यांमधले सांधे स्वतः भरत, थेंबभर पाणी आत येऊ देत नसत. पण आतून नावेची दशा झाली होती. तीस वर्षांचा चिखल, शेण, डांबराचे ओघळ, आणि त्यातून वर आलेल्या लाकडाच्या अणकुचीदार कुसा. मागच्या येळवशीला राजकन्या नावाच्या गावातल्या एका सुनेच्या तळपायात तसली एक कूस मोडली. पाय पिकला, लातूरला नेऊन चिरावा लागला. त्याच दिवशी दुसऱ्या दोघींची नवी पातळं फळीला अडकून फाटली. तेव्हापासून बाया नावेत बसेनात. हणमंतरावांचा टेम्पो सडकेनं जायचा, त्यात उभ्यानं जायला लागल्या.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी या भागात गावात माणूस शोधून सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी आणि उंडे खायचे, मडक्यातली आंबील पिकावर शिंपडायची आणि उरलेली प्यायची. केळदऱ्याचं निम्मं गाव त्या दिवशी पाणी ओलांडतं. मनकर्णाबाईंनी मनाशी ठरवलं होतं. या येळवशीला गाव नावेत बसलं तर नाव ठेवायची. नाही बसलं तर सागवानाचं गिऱ्हाईक येऊन फळ्या मोजून गेलंच होतं. नाव मोडायची आणि पुण्याला लेकीकडे जाऊन गॅलरीत बसायचं.

"लोकाला बसावं वाटलं पायजे, अप्पा," त्या म्हणाल्या. "दुसरं काई न्हाई."

येळवशीला पस्तीस दिवस होते. अप्पांनी मालकाकडं रजा मागितली. मालकानं दिली, आणि कशासाठी ते ऐकून हसला.

नाव काठावर ओढून बाभळीखाली दगडांवर टेकवलेली होती. अप्पा तिच्याभोवती एक फेरी फिरले, वाकून आत पाहिलं, तीन बोटं टेकवली आणि झटकन उचलली. बोटात कूस शिरली होती. ती दातानं काढता काढता त्यांना वाटलं, हे एक दारच आहे, आभाळाकडे तोंड करून उताणं पडलेलं. आणि दाराचं काय करायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ते समाजमंदिरात राहिले. भाकरी मनकर्णाबाईंकडून यायची. सकाळी थंडीनं डांबर कडक व्हायचं, पटाशी लावली की ढलप्या उडायच्या. ऊन चढलं की तेच डांबर गुळासारखं चिकट. म्हणून सकाळी डांबर, दुपारी घासकाम. काचेच्या तुकड्यानं खरडायचं, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. नावेच्या बरगड्यांच्या मधल्या जागेत हात पोचावा म्हणून त्यांना आत आडवं पडावं लागे. तसं पडल्यावर दोन्ही बाजूंनी फळ्या वर चढत जात आणि मधे आभाळाची एक लांबट पट्टी उरे. माणसाला शेवटी असंच दिसत असेल, असं त्यांच्या मनात आलं. मग बाभळीवरून एक टोळ नाकावर पडला आणि ते पुन्हा घासायला लागले.

आठव्या दिवशी पहिल्यांदा लाकूड दिसलं. तळहाताएवढा तुकडा, मधाच्या रंगाचा. त्यावर नाव बांधणाऱ्या सुताराच्या वाकसाचे बारीक घाव होते, कुणीतरी नुकताच उठून गेल्यासारखे. अप्पांनी जुनं सुती फडकं घेतलं आणि फळीन्‌फळी पुसत निघाले. फडकं अडेल तिथं कूस. तिथं थांबायचं, घासायचं, पुन्हा फडकं. दोन दिवसांनी फडकं या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडता गेलं.

मग लाख. बसायच्या आडव्या फळ्या, तळाच्या फळ्या, कडांची आतली बाजू. सतराव्या दिवशी काम संपलं तेव्हा बाभळीच्या फांद्या नावेत उलट्या उगवल्या होत्या. बाया बघायला आल्या. एकीनं वाकून त्यात कपाळावरचं कुंकू सारखं केलं. मनकर्णाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. अप्पांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "पाण्यापासून जपा."

मग मनकर्णाबाई जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बाकीच्या बायाही. गर्दीच्या मागं राजकन्या उभी होती, ती म्हणाली, "मग माळावर नेऊन बांधा की तिला. शेळ्या बसतील." अप्पाही हसले. पण हसता हसता, नावेकडे न बघता, त्यांनी हत्यारं पिशवीत भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी नाव पाण्यात उतरवली. मनकर्णाबाईंनी गळ घातली म्हणून कापूस वेचायला जाणाऱ्या सात जणी बसल्या. राजकन्या बसली नाही. काठाला गुडघाभर पाणी, त्यातून चढायचं, त्यामुळं सगळ्यांचे पाय ओले, पातळांचे काठ ओले. संध्याकाळी नाव परत आली तेव्हा अप्पा काठावर उभे होते. बाया उतरल्या. तळाच्या फळ्यांवर सात जणींची पावलं पांढरी उमटली होती. गौरीच्या दिवशी उंबऱ्यापासून काढतात तशी, एकामागं एक. आणि आडव्या फळ्यांवर जिथं जिथं त्या बसल्या होत्या तिथं ताक सांडून वाळल्यासारखे डाग. एका जागी लाख सुटून पातळाला चिकटली होती.

पाण्यानं लाख पांढरी पडते. ओला पेला ठेवला की टेबलावर पांढरं कडं उमटतं. हे अप्पांना माहीत होतं, म्हणून तर ते वाक्य ते दर दारात बोलत आले होते. ते वाक्य तोंडात असताना त्यांनी पाण्यात राहणाऱ्या लाकडाला लाख लावली होती.

मनकर्णाबाई चिडल्या नाहीत. हे जाईल का, एवढंच त्यांनी विचारलं. उन्हात जाईल, असं अप्पा म्हणाले. ते खरं होतं, पण पाणी लागलं की पुन्हा येईल हे त्यांनी सांगितलं नाही. मागून एक बाई म्हणाली की टेम्पोच बरा. मनकर्णाबाईंनी ते ऐकलं आणि नावेचा दोर दोनदा बांधला, पहिली गाठ पक्की असूनही.

त्या संध्याकाळी शेवटच्या एसटीनं अप्पा मुखेडला निघून गेले. कुणाला सांगितलं नाही. हत्यारांची पिशवी मात्र समाजमंदिरातच राहिली होती. सकाळी मनकर्णाबाईंनी ती पाहिली आणि अप्पा कुठं गेले असं विचारणाऱ्यांना, येतील, असं सांगत राहिल्या.

मुखेडच्या घरात अप्पांची बायको पारूबाई चटणीसाठी जवस भाजत होती. तव्यावर दाणे तडतडत होते आणि घरभर तो खमंग, थोडा तेलकट वास. अप्पा भिंतीला टेकून बसले आणि सगळं सांगून टाकलं, सात जोड पावलांसकट. पारूबाई ऐकत होती आणि उलथनं फिरवत होती. दाणे उतरवून तिनं तवा खाली ठेवला.

"मामंजी तिफणीला काय लावायचे?" तिनं विचारलं.

अप्पांचे वडील शंकरप्पा गावचे सुतार. तिफणी, वखर, जू, औताचं सगळं त्यांच्या हातचं. पेरणीच्या आधी शेतकरी तिफणी घेऊन ओळीनं ओसरीवर येत आणि शंकरप्पा जवसाचं तेल उकळून, त्यात राळ विरघळवून, तळहातानं लाकडात जिरवत. त्या तिफणी चिखलात राबायच्या, पावसात भिजायच्या, मांडवाखाली पडून राहायच्या, आणि पुढच्या सालीही तशाच तपकिरी. अठराव्या वर्षी वीरभद्राला त्या तेलाच्या वासाची लाज वाटायला लागली होती. अंगाला औताचा वास येतो म्हणून तो घर सोडून नांदेडला पॉलिश शिकायला गेला. तिथल्या स्पिरिटच्या वासात त्याला शहर दिसलं होतं. त्यानंतर बापाच्या हयातीत त्यानं एकदाही जवसाच्या तेलाला हात लावला नाही.

"तुमी दार करून राहिले," पारूबाई म्हणाली. "ती तिफणीची जात हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा केळदऱ्याला परत आले. हातात घाण्याच्या तेलाचे दोन डबे, पुडीत राळ, आणि स्पिरिटचा मोठा कॅन. येळवशीला सोळा दिवस होते. मनकर्णाबाई काठावर बसून वल्ह्याला सुतळी गुंडाळत होत्या. अप्पा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"चुकलं माझं, बाई. पाण्यातलं लाकूड मला ठावं न्हवतं."

मनकर्णाबाईंनी सुतळीचा वेढा पुरा केला, दातानं टोक तोडलं. "मला तरी दार कुठं ठावं हाय?" त्या म्हणाल्या. "आणलंय का काई?"

नाव पुन्हा बाभळीखाली ओढून घेतली, आणि आठवडाभराचं लाखेचं काम स्पिरिटनं पुसायला तीन दिवस लागले. लाख विरघळून फडक्यात येत होती, चहाच्या गाळासारखी. फांद्या नावेतून निघून गेल्या, चेहरे निघून गेले, आणि खाली लाकूड उरलं, कोरडं, मुकं. अप्पांना वाटलं होतं की हे करताना जीव तुटेल. तसं झालं नाही. उलट उन्हात वाळणाऱ्या त्या फळ्यांकडे बघताना त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

चौथ्या दिवशी चूल मांडली, तेल तापवलं. बापाचं सगळं हातांना आठवत होतं, त्यांनी कधी विचारलं नसतानाही. तेल फडक्यानं लावायचं, पण जिरवायचं तळहातानं. हात पोळायला लागेपर्यंत चोळायचं, हात पोळला की समजायचं तेल आत गेलं. वर राहिलेलं पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं. आणि तेलाची फडकी ढिगात टाकायची नाहीत, आपोआप पेटतात. अप्पांनी ती बाभळीच्या काट्यांवर एकेक पसरली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, झाडाला कुणी नवस बांधलाय.

एक हात दिला की दोन दिवस वाळवायचं. चार हात द्यायचे होते. हिशेब येळवशीच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत जात होता, आणि एकट्याच्या तळहातांना ते जमणारं नव्हतं. दुसऱ्या हाताच्या वेळी मनकर्णाबाई पलीकडच्या कडेला बसून चोळायला लागल्या. त्यांचे हात वल्ह्यानं घट्टे पडलेले, त्यांना उष्णता उशिरा कळायची, म्हणून त्या अप्पांपेक्षा जास्त वेळ चोळत. तिसऱ्या हाताच्या दिवशी राजकन्या आली. कुणी बोलावलं नव्हतं. चप्पल काढली, पदर खोचला आणि तळाच्या फळीशी बसली.

"माझ्या पायानं तुमाला काम लावलं," ती अप्पांना म्हणाली. "आता माझाच हात लागून राहिला."

अप्पांनी तिला तेल कसं जिरवायचं ते दाखवलं. तिनं ती एक फळी दुपारभर चोळली, जिच्यातली कूस तिच्या पायात मोडली होती. दुसरी घेतली नाही. संध्याकाळी हात धुताना तिनं विचारलं की हे पाणी लागल्यावर पांढरं होईल का. अप्पा म्हणाले, होऊ नये. पहिल्यांदाच त्यांना एखाद्या कामाबद्दल खात्रीनं बोलता आलं नाही. राजकन्यानं मान हलवली. येळवशीला नावेत बसणार का, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. पण गावातल्या सगळ्या बायांना माहीत होतं की ती बसली तर बाकीच्या बसतील.

येळवशीच्या सकाळी गावात चुली पहाटेच विझल्या होत्या. घराघरातून टोपल्या निघाल्या. भज्जीची पातेली, उंडे, धपाटे, चुन्यानं रंगवलेली आंबिलीची मडकी. वेशीबाहेर रस्ता दोन्हीकडं फुटतो. उजवीकडं सडक, तिथं हणमंतरावांचा टेम्पो उभा होता आणि ते अधूनमधून हॉर्न वाजवत होते. डावीकडं काठ. नाव पाण्यावर होती. तिच्यात चमक नव्हती. तिच्यात कुणाचं तोंड दिसत नव्हतं. आतल्या फळ्या गडद तपकिरी झाल्या होत्या, शेतातून आलेल्या बैलाच्या पाठीसारख्या. लोक मधेच घोळका करून थांबले होते. पारूबाई आदल्या दिवशीच मुखेडहून आली होती, ती अप्पांजवळ उभी होती. अप्पांनी दोन्ही हात मागं बांधले होते.

राजकन्या डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन आली. काठाशी थांबली, मडकं मनकर्णाबाईंच्या हातात दिलं, चपला काढून हातात घेतल्या, पाण्यातून चालत गेली आणि नावेत चढली. चिरलेला पाय तिनं आधी टेकवला. ओल्या पायानं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तिथं वळली, पुन्हा आली. पाय उचलत नव्हती, फरफटत चालत होती, मुद्दाम. मग वाकून तिनं मागं पाहिलं. फळीवर पाण्याचे पट्टे होते, नुसत्या पाण्याचे, आणि उन्हात ते कडेनं आक्रसत चालले होते. राजकन्या बाकीच्यांकडं वळली.

"या गं," ती म्हणाली. "बसा."

बाया चढल्या, टोपल्या चढल्या, माणसं चढली. कुणीतरी हलल्यावर एक मडकं कलंडलं आणि ओंजळभर आंबील तळाच्या फळीवर सांडली. सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांना काठावरून दिसत नव्हतं. नावेतच कुणीतरी फडक्यानं आंबील पुसली, थोडा वेळ वाकून बघितलं आणि फडकं बाहेर पाण्यात पिळलं. मग गप्पा पुन्हा सुरू झाल्या. डाग पडला नाही, हे त्यावरून अप्पांना कळलं.

मागं हॉर्न वाजला. टेम्पोत म्हाताऱ्या आणि जड सामान मिळून नऊ-दहा जण बसले होते. हणमंतरावांनी गाडी सुरू केली आणि जाता जाता खिडकीतून हात हलवला, हसून म्हणाले, परतीला मीसुद्धा नावेनं येईन, सडकेवर खड्डे लई झाले.

मनकर्णाबाईंनी नावेत चढून नाव ढकलायचा बांबू हातात घेतला आणि काठाकडं पाहिलं.

"पाण्यापासून जपत बसू नका, अप्पा. चढा."

अप्पा पुढं गेले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा ते थांबले, एवढं पाणी त्यांच्या पायांनी कधी पाहिलं नव्हतं. पारूबाई आधीच चढली होती, तिनं वरून हात दिला. ते कडेच्या फळीवर बसले. नाव हलली, काठ हळूहळू मागं सरायला लागला, आणि बाभळीवरची तेलकट फडकी लहान होत गेली. अप्पांनी सवयीनं तीन बोटं फळीवर ठेवली. ती कोमट होती. तिला जवसाचा वास होता, शंकरप्पांच्या ओसरीचा, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

मधोमध पोचल्यावर मनकर्णाबाईंनी मागून सांगितलं की पुढच्या कार्तिकात पुन्हा दोन हात द्यावे लागतील, दरसाल द्यावे लागतील, तिफणीसारखे. अप्पा मान डोलावून हाव म्हणाले. मग त्यांनी तीच तीन बोटं फळीवरून उचलली, कडेवरून खाली नेली आणि पाण्यात बुडवून ठेवली, पलीकडचा काठ येईपर्यंत.